शर्टापुरतं उत्तर

माझी धाकटी जाऊ इस्त्रीचं काम करते. तिच्याबद्दल चांगलं बोल असं मला कुणी सांगितलेलं नाही, आणि सांगितलं असतं तर मी बोललेही नसते. जावाजावांमध्ये हेवादावा असायचाच, असं जुनी माणसं म्हणून गेलीत. आम्ही त्यांना खोटं पाडलेलं नाही. आमचे नवरे सख्खे भाऊ, दोघंही एकाच गोदामाचा माल टेम्पोतून पोचवतात, आणि आम्ही दोघी एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली शेजारी शेजारी बसतो. जिन्याच्या उंच बाजूला तिचं इस्त्रीचं टेबल, उतरत्या बाजूला माझं शिवणयंत्र. मी कपडे उसवून लहानमोठे करून देते, चेन बदलते, बाह्या आखूड करते. थोरली असून उतरती बाजू माझ्या वाट्याला आली, कारण तिचं काम उभ्याने आणि माझं बसून. कारण अगदी बरोबर आहे, पण उठताना डोकं माझं आपटतं.

ती उंच, हाडापेराने मजबूत. इतकी वर्षं इस्त्री ढकलून उजवा हात डाव्यापेक्षा जाड झालाय, त्यामुळे तिची उजवी बाही मला नेहमी सैल करून द्यावी लागते. बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. गिऱ्हाइकाने कपडे टाकले की ती आधी कॉलर बघते, मग माणूस बघते. कामात तिचा हात कुणी धरू शकणार नाही, हे मलाही मान्य करावं लागतं. ही गोष्ट घडेपर्यंत तिच्या हातून एकही कपडा करपला नव्हता. फक्त चादरी ती घेत नसे. मागच्या गल्लीतला लॉजवाला कितीदा विचारून गेला, पण नाही म्हणजे नाही. चादरीची घडी एकटीला नीट घालता येत नाही, कुणीतरी दुसरं टोक धरावं लागतं. टोक धरा म्हणून ती मला सांगणार नव्हती, आणि सांगितल्याशिवाय मी उठणार नव्हते.

तिला एकच मुलगी. रांगायची तेव्हा माझ्या मशीनखाली सांडलेली बटणं वेचून तोंडात टाकायची. एकदा एक गिळलंच, आणि घरभर धावपळ झाली. तेव्हापासून तिचं नाव बटण पडलं. शाळेत दुसरं नाव आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ती वळूनही बघत नाही.

ही बटण शाळेत जायला लागली आणि एका जागी बसून अभ्यास करेना. आईला काम सोडून तिच्याशेजारी बसणं शक्य नव्हतं. तेव्हा जाऊ तिला म्हणाली, बसू नकोस, उभी राहा आणि मला सांग, मी ऐकते. जाऊ स्वतः सातवीत शाळा सोडलेली. मी तेव्हा खवचटपणे विचारलं होतं, की तुला त्यातलं काय कळणार आहे. त्यावर ती म्हणाली, “मला काय येत नाही ते मला ठाऊक आहे, वहिनी. पण तिला काय येत नाही तेही मला कळतं. आवाज सांगतो.”

नियम असा होता: एक शर्ट, एक उत्तर. बटण टेबलाच्या पलीकडे उभी राहायची. आई शर्ट पसरून विचारायची, आज काय घेतलंस. कॉलरवर इस्त्री टेकली की उत्तर सुरू. कॉलर आणि खांदे होईपर्यंत विषय काय ते सांगायचं. एका बाहीवर एक कारण, दुसऱ्या बाहीवर दुसरं. पुढच्या पट्टीवर, काजांच्या कडेने इस्त्रीचं टोक फिरत असताना, एखादं उदाहरण. पाठीवर उरलेलं सगळं. घडी घालता घालता शेवटचं वाक्य, आणि शर्ट थप्पीवर गेला की उत्तर संपलं. लवकर संपलं तर आई म्हणायची, अजून पाठ राहिली की गं. मधे कुठे आवाज अडखळला, की ती इस्त्री टाचेवर उभी करायची. खट्ट. बोलायची काही नाही, नुसती बघायची. मग बटण मागे जायची, वाक्य नीट करायची, आणि इस्त्री पुन्हा आडवी व्हायची.

असं वर्षानुवर्षं चाललं. संध्याकाळी शर्ट न्यायला आलेली माणसं जिन्याच्या पायरीवर टेकून ऐकत बसायची. शर्ट तयार असले तरी बसायची. मीही ऐकायचे, कान काही मिटता येत नाहीत. नद्या वळणं का घेतात, लोखंडाला गंज का चढतो, कुठल्या राजाचं कुणामुळे वाटोळं झालं, हे सगळं मला पँटच्या घड्या उसवता उसवता पाठ झालं. आणि रोज त्या वेळेला माझ्या पोटात दुखायचं.

का दुखायचं ते सांगते. मलाही मुलगा आहे. त्याला मी चांगल्या क्लासला घातलं, फी वेळेवर भरली, तो पास होत गेला, आणि आता लांबच्या एका कचेरीत नोकरी करतो. कुणाचं काही अडलं नाही. मागे एकदा त्याला फोनवर विचारलं, की तू दिवसभर नेमकं काय करतोस रे. तो म्हणाला, तुला नाही कळणार आई, जाऊ दे. चिडून नाही, अगदी प्रेमाने म्हणाला. तेच जास्त लागलं. इकडे माझ्या जावेला लोखंडाच्या गंजातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तिची पोरगी रोज समोर उभी राहून तिला सगळं सांगत होती. न कळणाऱ्या आईला सांगायचं, हे त्या पोरीला कुणी शिकवलं आणि माझ्या पोराला का नाही, याचा मला राग यायचा. अजूनही येतो.

बटणचं शाळेचं शेवटचं वर्ष आलं. पुढे शिकायला नदीपलीकडच्या मोठ्या शाळेत जागा मिळवायची, असं तिच्या मनाने घेतलं. तिथे आधी लेखी परीक्षा, मग तोंडी. तोंडी म्हणजे समोर बसलेले लोक एक विषय देणार, आणि ते थांबवतील तोवर तुम्ही बोलायचं. लेखी परीक्षेत बटण काठावर पास झाली. तोंडीवर सगळं ठरणार होतं. जाऊ कधी नव्हे ते खुशीत होती. तोंडी म्हणजे आपल्याच टेबलावरची परीक्षा, असं तिला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. संध्याकाळसाठी ती दिवसभर चांगले, लांब बाह्यांचे शर्ट बाजूला काढून ठेवायला लागली.

आणि नेमकी त्याच दिवसांत बटण संध्याकाळची वर जायला लागली.

तिसऱ्या मजल्यावर एक बाई एकट्या राहतात. उभा जन्म लायब्ररीत नोकरी केली, आता घरी बसून वाचतात. आम्ही त्यांना लायब्ररीबाई म्हणतो. इतक्या हळू बोलतात, की त्यांचं दार वाजवणारा माणूसही आपोआप आवाज खाली आणतो. फिक्या रंगाचे सुती शर्ट घालतात, आणि कॉलर विरली की माझ्याकडून उसवून उलटी लावून घेतात. त्यांचे कपडे वर नेऊन द्यायचं काम बटणने आपणहून कधी घेतलं नव्हतं, तिच्यावर ढकलावं लागायचं. आता ती स्वतः म्हणायला लागली, मी देऊन येते. एक शर्ट घेऊन वर जायची आणि उतरायला अंधार करायची. टेबलापाशी आली तरी म्हणायची, आज एकच शर्ट घे आई. मग एके दिवशी डोकं दुखायला लागलं, मग रोजच दुखायला लागलं.

जिन्याच्या पोकळीतून वरचा आवाज खाली पडतो, हे वर राहणाऱ्यांना माहीत नसतं. शब्द कळत नाहीत, पण आवाज कुणाचा ते कळतं. मी जावेला म्हटलं, तुझी लेक हल्ली उत्तरं वर सांगते वाटतं. सांगताना जिभेवर साखर ठेवल्यासारखं झालं.

ती म्हणाली, सांगू दे की, शिकलेल्या बाई आहेत, चार गोष्टी जास्तच कळतील. असं म्हणाली खरी, पण इस्त्री एकाच बाहीवरून तीनदा फिरवली.

दुसऱ्या दिवसापासून लायब्ररीबाईंचे कपडे थप्पीच्या तळाशी जाऊ लागले. त्यांनी वरून हाक मारली की जावेला ऐकू येईना. बटण खाली उतरली की आई मधाळ आवाजात विचारायची, काय म्हणाल्या तुझ्या बाई. तुझ्या बाई. पोरगी काही नाही म्हणायची आणि घरी पळायची. मग जाऊ माझ्याकडे वळायची. वर पंखा असेल ना वहिनी. वर बसायला खुर्ची असेल. इथे उभं राहून पाय दुखतात. इथे ऐकणारी अडाणी. मी आगीत तेल ओतायची संधी सोडत नव्हते. म्हणायचे, मुलं मोठी झाली की त्यांना आपली लाज वाटतेच, माझ्याचं बघ की. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि माझं आधीच जळून बसलेलं होतं. जोडीला कुणीतरी आलं, याचं मला बरंच वाटत होतं.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. संध्याकाळी तो तास यायचा आणि जिन्याखाली नुसती इस्त्रीची सरसर आणि माझं मशीन. पायरीवर टेकणारी माणसं शर्ट घेऊन सरळ निघून जायची. मला त्या अर्धवट राहिलेल्या राजाचं पुढे काय झालं ते हवं होतं. एका संध्याकाळी वरून बटणचा आवाज सुरू झाला, आणि जावेने आणि मी एकदमच मान वर करून जिन्याकडे बघितलं. एकमेकींकडे बघून पुन्हा खाली बघितलं. जन्मात पहिल्यांदा आम्हा दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ती गोष्ट म्हणजे वरच्या बाईंचा राग.

मग जावेने भलतंच डोक्यात घेतलं. बटणचं इतिहासाचं पुस्तक तिने घरातून आणलं आणि टेबलाच्या कडेला उघडं ठेवलं. मी विचारलं तर म्हणाली, वरच्या बाईंना जे येतं ते मलाही यायला नको का. आवाजावरून ओळखणं आता पुरत नाही. सातवीनंतर तिने पुस्तक हातात धरलं नव्हतं. बोट ओळीखाली ठेवून, ओठ हलवत ती वाचायची, आणि उजवा हात आपला सवयीने फिरत राहायचा. मी म्हटलं, एक काहीतरी कर. ती म्हणाली, दोन्ही होतं.

दोन्ही झालं नाही. एका मोठ्या शब्दापाशी ती थांबली, तो शब्द दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला, आणि माझ्या नाकाला वास आला. मी ओरडले तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिने इस्त्री उचलली. खाली फिका निळा शर्ट, आणि त्याच्या पाठीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा, टोकासकट. शर्ट कुणाचा हे आम्हा दोघींनाही कॉलरवरून कळलं. ती कॉलर मीच उलटी लावली होती.

जाऊ बराच वेळ त्या डागाकडे बघत उभी राहिली. मला वाटलं आता रडेल. पण तिने इस्त्रीची वायर काढली, शर्ट हातावर घेतला आणि जिना चढायला लागली. मीही मागून गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण अशा वेळी खाली बसून राहील तिला बाई म्हणू नये.

तिसऱ्या मजल्यावरचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत बटणचा आवाज चालू होता. जावेने दार ढकलायला हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. नदीकाठी गावं का वसतात, हे उत्तर चाललं होतं. हे उत्तर आम्हा दोघींना पाठ होतं. पाणी झालं, सुपीक जमीन झाली, होड्यांची ये-जा झाली, एका गावाचं उदाहरण झालं. मग घडीचं वाक्य आलं: म्हणून माणसाने नदीचा काठ कधी सोडला नाही. तिथे शर्ट थप्पीवर जातो.

बटण तिथे थांबली. आत कुणीच काही बोलेना. लायब्ररीबाईही नाहीत. ती शांतता इतकी लांबली, की बटणच्या जागी मीच काहीतरी बोलून टाकलं असतं. मग पोरीचा आवाज आला, बारीक, चाचपडत. पण नदीनेही माणसाला सोडलं नाही, असं ती म्हणाली. पुन्हा थांबली. मग म्हणाली, पूर येतो तेव्हा नदी आपली जागा परत मागते, आणि तरी माणसं पुन्हा तिथेच घर बांधतात, ते का, याचा विचार केला पाहिजे. हे आम्ही कधीच ऐकलेलं नव्हतं. अडखळत अडखळत ती पुढे जात राहिली. खाली असती तर इस्त्री दहादा टाचेवर उभी राहिली असती.

मी जावेच्या तोंडाकडे बघितलं. इतका हेवा मी आरशातसुद्धा बघितलेला नाही. तिने दार ढकललं.

शर्ट टेबलावर पसरून तिने डाग दाखवला. माझ्या हातून जळला, नवीन आणून देते, असं म्हणाली. लायब्ररीबाईंनी डागावरून बोट फिरवलं आणि जुनाच होता म्हणाल्या. जुना असो, म्हणाली जाऊ, आणि मग तिचा आवाज फुटला. “शर्टाचं मी भरून देईन. पण माझी मुलगी तुम्ही माझ्या पाठीमागून वर आणलीत, ते बरं केलं नाहीत. दिवसातला तेवढाच वेळ माझा होता.”

बाई उठून उभ्या राहिल्या. मी तिला बोलावलं नाही, म्हणाल्या, आणि शिकवतही नाही. मला शिकवता येत नाही. ती बोलते आणि मी गप्प बसते, लायब्ररीत आयुष्यभर तेवढंच केलं.

जावेला ते पटलं नाही. ती बटणकडे वळली. पोरगी भिंतीला टेकून उभी होती, पंधरा वर्षांची, आईइतकीच उंच, आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“आई, मला शर्टापुढे बोलताच येत नाही,” ती म्हणाली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तोंडी परीक्षेची तयारी म्हणून शाळेतल्या बाईंनी तिला वर्गासमोर उभं केलं होतं. विषय ओळखीचा होता. ती फाडफाड बोलली. सगळे बघत राहिले. आणि मग एका वाक्यावर ती थांबली ती थांबलीच. बाईंनी अजून सांग म्हटलं, ती झालं म्हणाली. बाईंनी दुसरा विषय दिला. पुन्हा तेवढंच, त्याच लांबीचं, आणि पुन्हा झालं. तिसऱ्याला वर्ग हसला, कारण तोवर त्यांनाही ती कुठे थांबणार ते कळायला लागलं होतं. मोठ्या शाळेत तर थांबवेपर्यंत बोलायचं असतं. लेखी परीक्षेतही हेच झालं होतं, सगळी उत्तरं एकाच मापाची. घडी झाली की माझं तोंड आपोआप मिटतं, ती म्हणाली, मी काय करू.

“मग मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस की माझ्यामुळे झालं. आणि दुसऱ्या दिवसापासून ऐकायचं बंद केलं असतंस.” बटणने डोळे पुसले. “मला ते बंद व्हायला नको होतं.”

 जावेने तो जळका शर्ट सरळ केला, बटणं लावली, बाह्या मागे घेतल्या आणि तिथल्या तिथे अशी घडी घातली की डाग आत गेला. मग ती खाली उतरली.

पुढचे काही दिवस मी तिच्याशी बोलले नाही आणि तीही माझ्याशी बोलली नाही. आता माझ्या मनासारखं झालं होतं. वर्षानुवर्षं जिचा हेवा केला, तिचं तेच चुकीचं निघालं. गाजावाजा करून हसायला हवं होतं मी. पण एक दिवस दुपारी, गिऱ्हाईक नसताना, ती इस्त्री टाचेवर उभी करून म्हणाली, “वहिनी, मी तिचं तोंड शिवून ठेवलं.”

मी पँटची पट्टी उसवत होते. मला काय झालं कोण जाणे. म्हटलं, “शिवलेलं उसवता येतं. मी दिवसभर दुसरं काय करते?”

ती माझ्या हातातल्या ब्लेडकडे बघत राहिली. मग चपला घालून मागच्या गल्लीत गेली, आणि आली ती डोक्यावर लॉजच्या चादरींचं गाठोडं घेऊन. गाठोडं टेबलावर टाकलं. मी बघत राहिले. तिने पहिली चादर उलगडली, एक टोक आपल्या हातात धरलं आणि दुसरं माझ्यापुढे केलं. “टोक धरा,” म्हणाली. मी उठले. डोकं आपटलं. टोक धरलं.

संध्याकाळी बटणला तिने हाताला धरून टेबलासमोर उभं केलं. चादर पसरली होती, अर्धी टेबलावर, अर्धी खाली पाटीत. बटण गोंधळली. कुठून सुरू करू म्हणाली. आई म्हणाली, कुठूनही कर, चादरीला कॉलर नसते. बटणने नेहमीसारखी सुरुवात केली, आणि नेहमीच्या जागी येऊन थांबली. जावेने मान वर केली नाही. इस्त्री चालतच राहिली. चादर अजून निम्मीही झाली नव्हती. मीही मशीन बंद ठेवलं. बटणने आईच्या हाताकडे बघितलं, राहिलेल्या कापडाकडे बघितलं, आणि ‘पण’ म्हणाली. त्या दिवशी ती फार चांगलं बोलली नाही. पुन्हा पुन्हा तेच बोलली, भरकटली, दोनदा चुकीचं बोलली. जावेचा हात प्रत्येक वेळी इस्त्रीच्या मुठीवर घट्ट व्हायचा, पण तिने इस्त्री एकदाही उभी केली नाही. तिला ते किती जड गेलं असेल, ते मला समोरून दिसत होतं.

वर जाणं बंद झालं नाही. आई म्हणाली, एक दिवस वर जा, एक दिवस इथे, पण माझ्या दिवशी वरचं नाव काढायचं नाही. लायब्ररीबाईंचे कपडे थप्पीच्या तळातून वर आले. नवा शर्टही जावेने त्यांना आणून दिला, आणि त्याची कॉलर अशी कडक करून दिली की बाईंना मान वळवता येईना. त्यांनी काही तक्रार केली नाही. मी विचारलं, अजून राग आहे का. ती म्हणाली, आहे की. राग कुठे जातोय.

तोंडी परीक्षेच्या दिवशी बटण सकाळीच गेली. जाऊ दिवसभर चादरीच करत होती. शर्ट एकही घेतला नाही, गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून परत पाठवत होती. दुपार कलली तशी लायब्ररीबाई गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या. एरवी त्या गॅलरीत येत नाहीत. जावेने वर बघितलं, मग रस्त्याकडे बघितलं. बटण आली की आधी कुठे जाणार, हा एकच प्रश्न तिच्या तोंडावर लिहिलेला होता. जिना आमच्या शेजारूनच वर जातो. पोरगी दोन ढांगांत वर गेली असती.

कोपऱ्यावर बटण दिसली तेव्हा आम्ही दोघींनी एक मोठी चादर घडीसाठी ताणून धरलेली होती. बटण पळत आली. वर गॅलरीकडे तिने एकदा हात हलवला, आणि जावेचा चेहरा पडला. मग पोरगी जिन्यापाशी न वळता सरळ आमच्यासमोर येऊन उभी राहिली, धापा टाकत.

“दोन चादरी झाल्या आई,” ती म्हणाली. “तिसरी चालू होती, मग त्यांनी थांबवलं. निकाल पुढच्या महिन्यात.”

जावेने मान डोलावली. चादरीचं टोक तिने इतकं ओढलं, की माझं टोक हातातून सुटता सुटता राहिलं.

“वर सांगून ये,” ती म्हणाली. बटण वळली. तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला तेवढ्यात जाऊ पुन्हा म्हणाली, “नको, थांब. आधी इथे सांग. सगळं सांग. मग वर जा.”

बटण हसली आणि टेबलाच्या पलीकडे, आपल्या जागी जाऊन उभी राहिली. कोणता विषय दिला तिथून तिने सुरुवात केली. चादर वाळलेली होती, इस्त्री झालेली होती, चार घड्यांत थप्पीवर गेली असती. जावेने माझ्याकडे बघितलं. मी माझं टोक सोडलं नाही, तिने तिचं सोडलं नाही. आम्ही चादर तशीच ताणून धरली आणि ऐकत राहिलो.